मेलेल्या जंतूंची आग

मोटारसायकल बंदही न करता त्या माणसानं रस्त्यावरूनच विचारलं, "कुष्ठाची बाई इथंच राहते ना? मंदाबाई जीवराम?"

सकाळची वेळ. नळाला पाणी आलेलं, म्हणजे गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया हंडे-कळशा घेऊन बाहेर. माझी फुई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात बापाच्या बहिणीला फुई म्हणतात आणि बोलताना 'ळ'चा 'य' करतात. तिनं सूप खाली ठेवलं, पायऱ्या उतरून त्याच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि म्हणाली, "हो, अठीच राह्यते. सगय्या गल्लीनं आयकलं. आता तू जाय."

तो गेला. त्याचं नाव योगराज, आरोग्य केंद्रातला कर्मचारी. त्याच्या मनात वाईट काही असेल असं मला आजही वाटत नाही. त्याला पुढच्या गावाला जायचं होतं, घर माहीत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं. पण नळावरच्या बायांचे हंडे भरून वाहत होते आणि एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं, हे फुईनं पाहिलं. मला ती हकीगत सांगताना तिचा आवाज असा होता की फोन कानापासून लांब धरावा लागला.

नशिराबादहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. केळी आणि कापूस, दुसरं काही नाही. फुईचं सासर आणि माहेर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. फुईचे यजमान जीवरामनाना शेती बघतात आणि दिवसातून चार वाक्यं बोलतात. बाकीची सगळी फुई बोलते. लग्नसराई आली की भुसावळपासून रावेरपर्यंत तिला बोलावणी यायची, ती मांडे, म्हणजे पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या, करायला. खापर नावाचं मातीचं मोठं गोल भांडं चुलीवर पालथं घालतात आणि पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, फिरवत फिरवत ताणून त्या तापल्या खापरावर टाकतात. ते काम वर्षानुवर्षं केल्याशिवाय जमत नाही. फुई पाच-सहा बायांना घेऊन जायची, आणि मांडवात तिचाच आवाज चालायचा. एकदा वरपक्षातल्या कुणा शहाण्यानं "मांडे जरा जाड झालेत" असं म्हटलं. फुईनं ताणलेला कच्चा मांडा तसाच हातांवर घेऊन त्याच्या तोंडासमोर धरला आणि पंगतीला विचारलं, "याचं तोंड दिसतं का पल्याडून? दिसतं ना? मंग जाड कसा?"

अशा बाईला एक दिवस आपला हात भाजलेला कळला नाही.

वरणगावच्या एका लग्नात मांडे चालू होते. फुई कुणाला तरी हाका मारत मागं वळली आणि तिच्या उजव्या हाताची करंगळीकडची कड खापरावर टेकली. टेकली ती टेकलीच. शेजारी बसलेली रत्ना ओरडली, "मावशी, हात!" तेव्हा फुईनं पाहिलं. कातडी पांढरी पडून सुटली होती. रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, फुई हसली आणि म्हणाली, "पाह्य, इतके वर्सं चुलीचा जाय खाऊन हात लोखंडाचा झाला."

त्याच दिवाळीत मी धुळ्याहून माहेरी आले होते. मी धुळ्यात एका शाळेत शिकवते. फुईच्या हातावर कोपराखाली फिकट चट्टे होते. तिथं लव नव्हती आणि घामही येत नव्हता. ती म्हणायची चुलीच्या धगीनं झालेत. मी तिला तोंड दुसरीकडे करायला सांगितलं आणि पेनाचं टोक चट्ट्यावर टेकवलं. "कव्हा लावशीन?" ती म्हणाली. माझं तोपर्यंत तीनदा टोचून झालं होतं.

आरोग्य केंद्रात तेव्हा एक तरुण डॉक्टर होता. त्यानं नीट तपासलं, खरं ते सांगितलं. कुष्ठरोग आहे, पूर्ण बरा होतो, वर्षभर गोळ्या घ्यायच्या, त्या सरकार देतं. एकत्र जेवून, हात लावून हा असा पसरत नाही आणि गोळ्या सुरू झाल्यावर तर तुमच्यापासून कुणालाच भीती नाही. बाहेर आल्यावर फुई मला म्हणाली, "कोनाले सांगशीन तं तुझी जीभ हासडीन." मी कुणाला सांगितलं नाही. योगराजच्या मोटारसायकलनं सांगितलं.

त्यानंतर जे झालं त्यात तिच्या तोंडावर कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. शिव्या दिल्या असत्या तर फुईनं परत दिल्या असत्या. लोक गोड बोलले. "यंदा केटररलाच सगळं सांगितलंय, मंदाबाई." "पोरांना आताशा मांडे नको असतात, गुलाबजाम हवे असतात." मग त्याच लग्नात रत्ना बाकीच्या बायांना घेऊन मांडे करून यायची. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण कुंकू लावणारीची बोटं कपाळाशी येऊन हवेतच थांबायची. माझ्या सख्ख्या आईनं फुईसाठी स्टीलचा एक पेला वेगळा ठेवला होता. मी तो उचलून उकिरड्यावर फेकला, तर दुसऱ्या दिवशी दुसरा पेला वेगळा निघाला.

माझा भाऊ तेजस याचं लग्न ठरलं. माझे वडील फुईच्या घरी गेले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "मंदे, तू पाहुणी म्हणून ये. चुलीकडं नको बसू. व्याह्यांच्या कानावर गेलंय."

"दादा," फुई म्हणाली, "माझ्या भाच्याच्या लग्नात मी पाहुनी? मी येतच नही. माझ्या वाटचं जेवन त्या व्याह्याले वाढ."

आणि ती आली नाही. मी वडिलांशी भांडले. ते म्हणाले, "मला कळतं गं मयुरी, पण लोकांचं काय करू?" सगळ्यांनाच सगळं कळत होतं आणि प्रत्येकाला दुसऱ्या कुणा लोकांची भीती होती. ते लोक कोण, हे मला अजून सापडलेलं नाही.

गोळ्यांनी फुईचा रंग काळवंडला. बायांनी त्याच्यावरही कुजबुज केली. फुईनं काय केलं, तर रोजची गोळी घरात घ्यायचं सोडलं. नळाच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवायची, सगळ्यांच्या देखत गोळी जिभेवर ठेवून गिळायची आणि तांब्या खण्णकन खाली आपटायची. वर्षभर. एक दिवस चुकवला नाही.

वर्ष संपलं. तिच्या कार्डावर उपचार पूर्ण झाल्याचा शिक्का पडला. तिनं मला फोन केला तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज जरा मऊ लागला. "गेला गं तो मुडदा," म्हणाली. रोगाला ती मुडदाच म्हणायची.

शिक्का पडून दोनेक महिने झाले असतील नसतील, तिच्या हातावरचे चट्टे उठले. फिकट होते ते लालभडक झाले, गांधीलमाशी चावल्यासारखे फुगले. कोपराच्या आतल्या बाजूला जरा धक्का लागला की करंट बसल्यासारखी कळ करंगळीपर्यंत जायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. ती आरोग्य केंद्रात गेली. तो तरुण डॉक्टर बदलून गेला होता. नव्या साहेबानं खुर्चीतूनच विचारलं, योगराजनं रजिस्टर बघितलं आणि सांगितलं, "यांचा कोर्स झालेला आहे सर. नाव कमी झालंय." साहेबानं ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. हात धरून बघितला नाही.

ती पुन्हा गेली. या वेळेला संधिवात म्हणाले. ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा योगराज म्हणाला, "काकू, नाव कमी झाल्यावर आम्ही कुठल्या गोळ्या देणार?" तोवर गावात बोलणं सुरू झालंच होतं की महारोग असा जातो होय, बघा परत आला. आणि फुईला स्वतःलाही तसंच वाटलं. वर्षभर ज्या गोळ्या तिनं ओट्यावर बसून ताठ मानेनं गिळल्या, त्या खोट्या होत्या असं तिनं मनाशी धरलं. मला फोन करायचं तिनं बंद केलं. मी केला तर "चालू आहे" एवढंच म्हणायची.

मग एके दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत जीवरामनानांचा फोन आला. त्यांनी आजवर मला कधी फोन केला नव्हता. म्हणाले, "मयुरी, तुझ्या फुईच्या हातून घास खाली पडतो. मले सांगत नही. पाठ करून जेवते."

मी तशीच रजा टाकली आणि निघाले.

जळगावच्या दवाखान्यात यायला ती तयार नव्हती. तिथं ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. म्हणून मी तिला माझ्याकडे धुळ्याला आणलं आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर विधी. वय फार नसेल, व्यापाऱ्याच्या घरातली असावी, बोलण्यात मारवाडी वळण होतं. तिनं फुईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हातमोजे न घालता. फुईनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरनं कोपराच्या आतल्या खोबणीत बोट दाबलं आणि फुई किंचाळली.

"नस दोरखंडासारखी जाड झालीये," डॉक्टर म्हणाली. "बोटं कधीपासून वळतायत?"

"चार-पाच महिने झाले."

"तेव्हा कुणाला दाखवलं नाही?"

"तीनदा दाखवलं. ते म्हने कोर्स झाला."

डॉक्टरनं पेन टेबलावर ठेवलं. मग तिनं फुईच्या कानाच्या पाळीतून आणि चट्ट्यातून बारीकसा नमुना घेतला, तपासायला पाठवला आणि दुपारी आम्हाला परत बोलावलं.

दुपारी तिनं फुईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटून कसं बघायचं ते दाखवलं. फुईनं बघितलं, मग मला बघायला दिलं. निळसर पसाऱ्यात मोठ्या फिकट पेशी होत्या आणि त्यांच्या पोटात लाल कणांचे पुंजके.

"ते लाल आहेत ते जंतू," डॉक्टर म्हणाली. "आख्खा जंतू काडीसारखा सरळ दिसतो. हे तुटलेत, तुकडे झालेत. म्हणजे मेलेत. तुमच्या गोळ्या खऱ्या होत्या, मावशी. रोग परत आलेला नाही."

"मंग हे काय व्हयी राह्यलं?"

"सांगते. आपल्या अंगात काही पेशी असतात, बाहेरून आलेला जंतू गिळायचं काम त्यांचं. गिळतात, आत एका पिशवीत कोंडतात, त्या पिशवीत पाचक रस सोडतात आणि त्याला विरघळवून टाकतात. बहुतेक जंतू असेच संपतात, आपल्याला कळतही नाही. पण या जंतूच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. पेशीनं त्याला गिळलं खरं, पण त्यानं तो रस पिशवीपर्यंत पोचूच दिला नाही. आत राहिला, तिथंच वाढला. आणि पेशीनं आरडाओरडा करून बाकीच्यांना बोलवायला हवं होतं, तेही तिला नीट करू दिलं नाही. मग तो नसेच्या आवरणातल्या पेशींतही शिरला. म्हणून तुमच्या हाताला चटका कळला नाही."

फुई ऐकत होती. शाळेतली पोरं ऐकतात तशी नाही. भांडणात समोरच्याला पुरतं बोलू देऊन मग आपण सुरू करायचं, तशी.

"मग गोळ्यांनी जंतू मारले. पण मेलेल्यांचे तुकडे आत तसेच राहतात. साफ व्हायला कितीतरी वर्षं लागतात. आता तुमच्या अंगातल्या दुसऱ्या पेशींनी ते तुकडे ओळखले, इशारा दिला, आणि या गिळणाऱ्या पेशी चवताळून उठल्या. जिथं तुकडे तिथं त्यांचा हल्ला. तुकडे कातडीत आहेत म्हणून चट्टे लाल झाले. तुकडे नसेत आहेत म्हणून नस सुजली. कोपराच्या खोबणीत नसेला फुगायला जागा नसते, ती आतल्या आत दाबली जाते आणि बोटांची ताकद जाते."

"मेलेल्यावर हल्ला करतात?"

"हो."

"न् तो जिता व्हता तव्हा कठी व्हत्या ह्या?"

डॉक्टर म्हणाली, "तेव्हा त्यानं त्यांना गप्प ठेवलं होतं."

फुई उभी राहिली. खुर्ची मागं सरकून भिंतीला लागली. "आन् त्या केंद्रातल्या सायबाले कोनी गप्प ठेवलं व्हतं? त्याच्या पोटात कोन्ता जंतू बसला व्हता? मी तीन डाव गेली. हात पुढं केला. त्यानं पाह्यला नही. तुमी पाह्यला, तं तुमाले कयलं. त्याले काहून नही कयलं?"

आजूबाजूचे थांबून बघायला लागले. मी तिचा हात धरायला गेले, तिनं झटकला. डॉक्टरनं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "मावशी, याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. गोळ्या चालू असताना येते, कधी संपल्यावर येते, कधी वर्षांनीही येते. कोर्स संपताना प्रत्येकाला सांगायचं असतं, चट्टा सुजला, नस दुखली, बोट नाहीतर पाऊल अशक्त वाटलं की त्याच दिवशी या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मले शिक्का देला."

"पहिल्या आठवड्यात आला असतात तर..." डॉक्टरनं वाक्य अर्धं सोडलं. तिचेही कान लाल झाले होते.

त्या पेशींना शांत करायचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. ते महिनोन्‌महिने, हळूहळू कमी करत घ्यायचं, मध्येच बंद करायचं नाही, हे डॉक्टरनं तीन वेळा बजावलं. किती ताकद परत येईल? "बरीच येईल असं वाटतं. सगळी येईल असं मी म्हणणार नाही." हाताला पट्टी बांधून आधार दिला, साखर-बीपी तपासायला काही दिवस भरती करून घेतलं.

"ह्या गोया चवताळलेल्यांले शांत करतात म्हने," फुईनं तिला विचारलं. "मंग माझाबी राग जाईन का?"

"नाही. त्याला यांचा उपयोग नाही."

"मंग घेते."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर साक्रीकडचा मगन नावाचा एक गडी बसायचा. त्याचं एक पाऊल उचललं जात नव्हतं, चालताना पुढचा भाग फरशीवर घासत यायचा. त्याचीही गोष्ट तीच. त्याला शस्त्रक्रिया सांगितली होती, स्नायूची दोरी फिरवून पाऊल पुन्हा उचलता येईल अशी. तो अहिराणीत फुईला म्हणाला, "मालेबी तू बरा व्हई गया असंच सांगं व्हतं, माय. पाय मरी गया तवय समजनं."

"मंग तू काही बोलला नही?"

"कोनले बोलू? बठ्ठा सायेब बदली व्हई गयात."

त्याच्या शांतपणानं फुई इतकी भडकली की नर्सला येऊन दटावावं लागलं. दोन दिवसांनी मगन शस्त्रक्रियेची तारीख न घेताच निघून गेला. शेतात निंदणी होती.

फुई गावी परतली. थोड्या दिवसांनी आरोग्य केंद्रात आशा कार्यकर्त्यांची बैठक होती आणि तालुक्याहून मोठे अधिकारी येणार होते. मी शनिवार-रविवार धरून गावी गेले होते. फुई म्हणाली, "चाल." मी म्हटलं, कुठं? ती पट्टी बांधलेला हात पदराबाहेर काढून चालायलाच लागली.

बैठकीत ती सरळ पुढं गेली आणि हात अधिकाऱ्यांच्या समोर, टेबलावरच्या फुलदाणीशेजारी ठेवला.

"सायेब, हा हात पाह्या. तुमच्या केंद्रात कोनी पाह्यला नही."

अधिकारी म्हणाले, "ताई, आपण शांत व्हा. बसा. आपला उपचार पूर्ण झाला होता ना? मग कार्यक्रमाच्या दृष्टीनं..."

"कार्यक्रम लग्नात असतो. हा माझा हात हाये."

कुणीतरी हसलं. फुईनं मान वळवून पाहिलं आणि ते हसू जिथल्या तिथं थांबलं. दाराशी योगराज उभा होता. फुई त्याच्याकडे वळली.

"योगराज, तुले माझं घर सापडलं व्हतं. गोया द्याले आला तं सगय्या गल्लीले सांगून गेला. गोया संपल्यावर एक डाव यायचं, हात पाहून जायचं, तव्हा तुले रस्ता नही सापडला? मी तुझ्या दारात तीनदा आली, तव्हा तुले माझं नाव नही सापडलं?"

योगराज खाली बघत म्हणाला, "काकू, मला माहीत नव्हतं असं होतं म्हणून."

"तुले माहीत नव्हतं हे मले पटतं," फुई म्हणाली. "तुले सांगायचं काम यांचं." आणि तिनं पट्टीचा हात अधिकाऱ्यांकडे केला.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आपण लेखी तक्रार द्या, मी स्वतः लक्ष घालतो."

"कोन्त्या हातानं लिवू?"

मी पुढं होऊन म्हटलं, मी लिहिते. तिथंच बसून लिहिलं, त्यांच्याकडून पोच घेतली. चौकशी चालू आहे, असं उत्तर आम्हाला आलं. अजूनही चालूच आहे.

पण बैठकीतून बाहेर पडताना कामिनी नावाची एक आशा आमच्या मागून धावत आली. तिनं आडोशाला नेऊन हळूच सांगितलं. गावातल्या किराणा दुकानाचे माणकचंद शेठ, त्यांच्या बायकोनं, प्रेमकुंवरबाईंनी, याच रोगाचं औषध जळगावात खासगीत घेतलं होतं. कुणाला पत्ता नव्हता. कोर्स संपलेला. आणि आता चार दिवसांपासून गालावरचा डाग लाल होऊन सुजलाय आणि त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही. शेठ म्हणतात, वारं लागलं असेल, शेक द्या.

"चार दिवस?" फुई म्हणाली. "चाल."

शेठ ओट्यावरच होते. फुईला पाहून म्हणाले, "काय पाहिजे, मंदाबाई?" फुई उत्तर न देता सरळ आत गेली. मी, कामिनी आणि गडबडून उठलेले शेठ मागोमाग. फुईनं आतून दार लोटून घेतलं आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"शेठ, भाभीले आज धुयाले दवाखान्यात न्यायचं. आजच."

शेठचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं तुम्हाला? तसलं काही नाही आमच्याकडे. आमचं घराणं..."

"घरान्याचा डोया मिटतो ना रात्री? भाभीचा मिटत नही. उघड्या डोयात कचरा जाईन, डोया जाईन. मंग घरानं काय करीन, त्याच्यात दिवा लावीन?"

आतल्या खोलीतून प्रेमकुंवरबाई पदरानं गाल झाकून बाहेर आल्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मैं जाऊँगी."

शेठनी गाडी काढली. मी पुढं बसले, मागं त्या दोघी. जळगाव मागं पडल्यापासून पार पारोळ्यापर्यंत फुई शेठना बोलत होती. चार दिवस शेक देत बसला म्हणून, बायकोला घरात कोंडली म्हणून, गावात तोंडावर गोड बोलणाऱ्या सगळ्यांच्या वाटचंही तिनं त्यांनाच ऐकवलं. शेठ स्टेअरिंग धरून "हां जी, हां जी" करत होते. प्रेमकुंवरबाईंनी फुईचा पट्टीचा हात मांडीवर घेतला होता आणि त्या रडत होत्या. फुईनं हात काढून घेतला नाही, पण त्यांच्यावरही ओरडली, "रडू नको, डोया चोयू नको!"

त्यांचा डोळा वाचला. थोडं पाणी येतं, पण पापणी पूर्ण मिटते. डॉक्टर विधी म्हणाली, वेळेवर आलात. फुई शेजारीच उभी होती. तिनं ते ऐकलं, बाहेर गेली आणि बराच वेळ जिन्यात एकटी बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "चार दिवसात आली तं वाचला. मलेबी पहिल्या आठवड्यात कोनी सांगतलं असतं, तं?"

फुईचा हात अर्धामुर्धा आला. चट्टे बसले, कोपराची कळ गेली. घास आता पडत नाही, तांब्या धरता येतो. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र पुरतं सरळ होत नाही आणि कडेला जाणीव नाही, म्हणून चुलीशी जाताना ती जाड फडकं गुंडाळते. मांडा ताणायला दहाही बोटं लागतात. रत्ना एक दिवस घरी आली, पाया पडली, म्हणाली मावशी, नुसतं बसून सांगा, आम्ही करतो. फुई म्हणाली, "तू चांगले करते. करत राह्य. मले बोलावू नको." माझे वडील दर दोन-चार दिवसांनी तिच्या ओट्यावर येऊन बसतात. ती त्यांना चहा देते आणि तेजसच्या लग्नावरून झापते. ते ऐकून घेतात. माफ केलं असं ती म्हणालेली नाही, आणि म्हणेल असं मला वाटत नाही.

कामिनी आता आपल्या भागात औषध संपलेल्यांच्या घरी महिन्यातून एकदा जाते. हात पसरायला लावते, मूठ आवळायला लावते, डोळे मिटायला लावते, टाचेवर चालायला लावते. कुणाच्या आदेशानं नाही. ती आणि फुई मिळून ठरवून. योगराजही कधीमधी तिच्याबरोबर असतो, गाडी गल्लीच्या बाहेर लावतो. मी फुईला म्हटलं, बघ, तुझ्या रागाचं काहीतरी झालं. ती माझ्यावरच उखडली. "एका गावात झालं! बाकीची गावं काय आभायात हायेत?"

मे महिन्याच्या सुट्टीत तिनं मला साक्रीला न्यायला लावलं. मगनच्या गावाचं नाव तिनं दवाखान्यातून काढलं होतं. उन्हाचा तडाखा, बस खच्चून भरलेली, फुई खिडकीशी. आपण गेल्यावर तो घरी सापडेल का, शस्त्रक्रियेला तयार होईल का, काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर विधीनं तारीख मात्र देऊन ठेवली होती.

"पाय घासत फिरतो मुडदा," फुई म्हणत होती, "आन् म्हनतो सायेब बदली झाले. थांब, दाखवते त्याले."

शेजारच्या सीटवरच्या बाईनं मला दबक्या आवाजात विचारलं, "तो कोन शे त्येस्ना?"

"कुणी नाही," मी म्हटलं. फुईनं ते ऐकलं आणि त्या बाईलाच सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, स्वतःच्या रोगाचं नाव घेऊन.